थरथरत्या रिमोटचा सत्कार

साडू हे नातं देवानं का निर्माण केलं असावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भावाशी पटलं नाही तर वाटणी करून मोकळं होता येतं. मित्राशी बोलणं टाकता येतं. साडूचं तसं नाही. दोन बहिणींच्या पदराला बांधलेली ही दोन गाठोडी दिवाळीत, लग्नात आणि बाराव्याला शेजारी शेजारी ठेवली जातात, आणि एकमेकांकडं बघून हसावं लागतं. माझ्या शेजारचं गाठोडं म्हणजे लालासाहेब रांजणे. मी सांगलीच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवणारा मास्तर. तो साताऱ्याला पोवई नाक्याजवळ रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारा. मूळचा मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातला. आयटीआय अर्धवट सोडून खाली उतरला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेऊ लागला.

माणूस दिसायला देखणा. भरघोस मिशा, सफारी, खिशाला दोन पेनं. दारूचं व्यसन नाही, पत्ते नाहीत, तंबाखूसुद्धा नाही. व्यसन एकच, सत्कार करून घेण्याचं. इतर कुठल्याही व्यसनात माणूस निदान घराच्या चार भिंतींत लोळतो. हा स्टेजवर लोळायचा, आणि समोर टाळ्या वाजवायला आम्ही नातेवाईक.

आमच्या सातारा-सांगलीकडं सत्काराला कारण लागत नाही, तारीख लागते. लालासाहेबानं त्यासाठी एक मित्रमंडळच काढलं होतं. संस्थापक तोच, अध्यक्ष तोच. सत्काराच्या दिवशी तेवढं बरं दिसत नाही म्हणून अध्यक्षपद संध्याकाळपुरतं शेजारच्या सायकलवाल्याकडं जायचं. मंडळाचा कापडी बॅनर एकच होता. त्यावर 'श्री. लालासाहेब रांजणे यांचा भव्य नागरी सत्कार' एवढं पक्क्या रंगात रंगवलेलं, आणि खाली कारणापुरती जागा कोरी. तिथं दर वेळी कारण आणि तारीख लिहिलेला नवा कागद चिकटवायचा. एकदा रक्तदानाला गेला, सुई बघून भोवळ येऊन पडला, रक्ताचा थेंबही निघाला नाही. सत्कार झाला, 'रक्तदानासाठी पुढाकार घेतल्याबद्दल'. नगरपालिकेला उभा राहिला, अनामत रक्कम घालवली. 'लोकशाहीची बूज राखल्याबद्दल' शाल आणि नारळ. शाल बहुतेक वेळा तीच असायची, घडीचे डाग ओळखीचे झाले होते.

त्याची बायको हरणाबाई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, शहाणी बाई होती. नवऱ्याला बदलायचा नाद तिनं लग्नानंतर लवकरच सोडला आणि नारळांकडं लक्ष दिलं. आमच्याकडं येताना ती डबाभर खोबऱ्याच्या वड्या आणायची. माझी मुलं त्यांना सत्काराच्या वड्या म्हणत. मी त्यांना एकदाही दटावलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. १९९३ साली लालासाहेबानं दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात तीन-चार जुने टीव्ही मांडून व्हिडिओ गेम सुरू केले. पोरं शाळा बुडवून तिथं गर्दी करायची. टीव्हीला एक डबडं, डबड्याला वायर, वायरीला हातात धरायची बटणांची चपटी डबी. तिला सगळे रिमोट म्हणत. एके दिवशी दुरुस्तीला आलेल्या एका टेपची बारकी मोटर टेबलावर दुरुस्त करताना तिच्या दांड्यावर डाग द्यायच्या शिशाचा थेंब एका बाजूला चिकटून बसला. मोटर सुरू केली तर टेबल थरथरायला लागलं. चहाचा कप चालत चालत कडेला गेला. दुसऱ्या कुणीही शिव्या देऊन शिसं खरवडून टाकलं असतं. लालासाहेब मात्र बघत राहिला. मग त्यानं तसलीच मोटर रिमोटच्या पोटात बसवली आणि टीव्हीच्या आवाजाची एक तार एका बारक्या सर्किटातून तिला जोडली. आवाज साधा असला की मोटर गप्प. बॉम्ब फुटला, गाडी धडकली की आवाज चढायचा, मोटर फिरायची आणि रिमोट हातात थरथरायचा.

मी दिवाळीला गेलो तेव्हा त्यानं तो माझ्या हातात दिला. पडद्यावरचं विमान कोसळलं आणि तळहातापासून कोपरापर्यंत मला धक्का जाणवला. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला. आयुष्यभर खोट्या कौतुकावर जगलेल्या या माणसाच्या हातून एक खरी गोष्ट घडली होती, ती कुणाची बघून केलेली नव्हती, आणि ती माझ्या हातून घडलेली नव्हती. मी रिमोट खाली ठेवला आणि म्हणालो, "बरं आहे." त्या दिवशी हरणाबाईच्या पुरणपोळ्याही गोड लागल्या नाहीत.

हेच थरथरणं पुढं परदेशातल्या बड्या कंपन्यांनीही आपापल्या रिमोटमध्ये घातलं, आणि त्याच्या पेटंटवरून वर्षानुवर्षं कोर्टात एकमेकांचे गळे धरले, असं मी नंतर पेपरात वाचलं. आमच्या साडूला तसलं काही ठाऊक नव्हतं. मीच त्याला म्हटलं की याचं पेटंट घे. पेटंट म्हणजे काय, तर ही वस्तू पहिल्यांदा तू शोधलीस असं सरकारनं लिहून द्यायचं आणि तुझ्या परवानगीशिवाय दुसऱ्यानं ती बनवायची नाही.

"घ्यायचं की," लालासाहेब म्हणाला. "पन मास्तर, आदी सत्कार."

१९९४ च्या जानेवारीत सत्कार झाला. एरवी चाळीस-पन्नास माणसं असायची, या वेळी मंगल कार्यालय भरलं. सातारा, कराड, सांगली, जिथं जिथं म्हणून व्हिडिओ गेमवाला होता तिथं तिथं त्यानं पत्रिका पाठवली होती. सत्काराला आपल्याच धंद्यातली माणसं जळफळायला हवीत, तरच त्याला चव येते, हे त्याचं मत. पाहुणे म्हणून एक निवृत्त शिक्षणाधिकारी होते. त्यांच्या हातात रिमोट दिला, तो थरथरला, आणि त्यांनी भिऊन तो फेकला तेव्हा जो हशा झाला त्यानं लालासाहेब असा फुगला की सफारीची बटणं तटतटली. मग त्याचं भाषण. माईक सोडेना. यंत्र उघडून, एकेक भाग वर धरून, कुठली मोटर, वजन कुठल्या बाजूला, तार कुठून काढली, सगळं पाऊण तास सांगितलं. माझ्या शेजारी बसलेली हरणाबाई पुटपुटली, "आता तेवढं घरी येऊन जोडून द्या म्हनावं एकेकाला."

पेटंटचा अर्ज राहिलाच. आज करू, उद्या करू. सत्कार झाल्यावर त्या माणसाचा त्या गोष्टीतला रस संपायचा. लग्नाचा फोटो काढला आणि नवरी मांडवातच विसरून आला, तसला प्रकार.

त्या साली दिवाळीच्या सुमारास सांगलीत हरभट रोडवरून जाताना मला एक पाटी दिसली. 'थरथरणारा रिमोट. फक्त आमच्याकडे. पेटंटसाठी अर्ज केला आहे.' दुकान भरतेश मगदूमचं. भरतेश हा तिथला जैन व्यापारी, बापाचा हळदीचा व्यापार सोडून व्हिडिओ गेममध्ये शिरलेला, सांगली-मिरजेत सहा दुकानं असलेला. बोलायला मऊ, चालायला हळू, आणि कुठलाही कागद वेळेवर करणारा. म्हणजे लालासाहेबाच्या अगदी उलट. मी आत जाऊन रिमोट हातात धरला. तीच थरथर होती.

ही बातमी पत्रानं कळवता आली असती. पण मला तोंड बघायचं होतं. रविवारी एसटीनं साताऱ्याला गेलो आणि चहा होईपर्यंत कळ काढून मग सांगितली. लालासाहेब लाल झाला, काळा झाला, उठून उभा राहिला.

"चोर हाय त्यो! माज्या दुकानात आला हुता जुनं सेट घ्यायला, सत्काराच्या म्हैनाभर आदी. तवाच त्येनं बघितलं. मास्तर, माजं हाय ते! जल्मात एक गोष्ट केली म्या, ती पन ह्यो न्हेनार?"

त्याच्या तोंडून आपल्या आयुष्याविषयी निघालेलं खरं वाक्य मी तेवढं एकच ऐकलं.

वकील केले विष्णुपंत. हे मूळचे वाईचे, साताऱ्यात जमिनीच्या दाव्यांत केस पांढरे केलेले. पेटंटचं प्रकरण त्यांनी उभ्या जन्मात हाताळलं नव्हतं, पण म्हातारा जिद्दीचा. पुण्याहून कायद्याची पुस्तकं मागवली आणि बसून वाचली. सरकारी काम म्हणजे गोगलगाय. भरतेशचा अर्ज तपासून होऊन सरकारी गॅझेटात जाहीर व्हायला १९९७ उजाडलं. जाहीर झाल्यावर कुणालाही हरकत घेता येते. विष्णुपंतांनी घेतली. मुद्दा एकच: भरतेशनं ही कल्पना लालासाहेबाच्या दुकानातून उचलली. तेवढं सिद्ध झालं तर भरतेशचा तोच अर्ज लालासाहेबाच्या नावावर चालवता येतो, अशी कायद्यात सोय होती. म्हणजे आयतं पेटंट.

सुनावणीच्या आठवडाभर आधी विष्णुपंतांनी आम्हा दोघांना आणि हरणाबाईला घरी बोलावलं. मी साक्षीदार म्हणून, आणि हरणाबाईला का, ते मला पुढं कळलं.

"लालासाहेब, नीट ऐका," विष्णुपंत म्हणाले. "अर्ज होण्याआधी जी वस्तू लोकांना उघड दाखवली, तिचं पेटंट कुणालाच मिळत नाही. ना तुम्हाला, ना त्याला. ती सगळ्यांची झाली. तुमचा सत्कार त्याच्या अर्जाच्या आधी झालाय. तेव्हा त्या दिवशी मुंबईत सत्कार हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"आवं, पन सत्कारानंच तर शाबीत हुतंय की मी पयला."

"पहिले शाबीत व्हाल आणि पेटंट घालवून बसाल. सरळ विचारलं तर खोटं बोला असं मी म्हणणार नाही. पण कोणी विचारणार नाही. भरतेशच्या वकिलानं विचारलं तर त्याच्याच अशिलाचा अर्ज मरतो. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं ते सांगा."

लालासाहेबानं शाळकरी पोरासारखं म्हणून दाखवलं. विष्णुपंतांचं समाधान झालं नाही. ते हरणाबाईकडं वळले. "बाई, तुम्ही याच्या मागच्या खुर्चीवर बसा." हरणाबाई म्हणाली, "बसते. पन माज्यानं काय हुनार न्हाई, वकीलसाहेब. त्यास्नी जेवान नसलं तर चालतंय."

मुंबईला लोअर परळमध्ये, गिरणीच्या आवारातल्या एका इमारतीत पेटंटचं ऑफिस होतं. १९९८ चा फेब्रुवारी. खोली साधी, एक लांब टेबल, वर कडकड आवाज करणारा पंखा. निकाल देणारे अधिकारी नागपूरकडचे, शांत, सारखं पाणी पिणारे. एका बाजूला भरतेश, पांढरा शर्ट, हात मांडीवर. त्याचा वकील पुष्कर नावाचा पुण्याचा तरुण, चेहरा असा की शेजाऱ्यानं मुलगी द्यावी. या बाजूला आम्ही. लालासाहेबाच्या पायाशी एक फुगलेली पिशवी होती. हरणाबाईनं विचारलं तेव्हा डबा आहे म्हणाला होता.

सकाळ झकास गेली. भरतेश लालासाहेबाच्या दुकानात येऊन गेला होता ती तारीख विष्णुपंतांनी मांडली. मी साक्ष दिली की १९९३ च्या दिवाळीत रिमोट माझ्या हातात थरथरला होता, म्हणजे भरतेशच्या अर्जाच्या कितीतरी आधी. ही साक्ष देताना मला फार जड गेलं, पण दिली. अधिकारी लिहून घेत होते. मोटर कुठून सुचली हे विचारल्यावर भरतेश 'सुचली' एवढंच म्हणाला होता. पारडं कुठं झुकलंय ते मला, इतिहासाच्या मास्तरालाही, दिसत होतं. जेवणाच्या सुट्टीत विष्णुपंतांनी चक्क दोन केळी खाल्ली.

दुपारी पुष्कर उठला. त्यालाही पारडं दिसत होतं. पेटंट आपल्याकडं राहत नाही हे त्यानं ओळखलं होतं. आता ते लालासाहेबाकडं गेलं तर भरतेशच्या सहा दुकानांतले रिमोट बंद. कुणालाच मिळालं नाही तर मात्र चालू. हे सगळं मला परतीच्या गाडीत समजलं. त्या वेळी एवढंच दिसलं की पोरगा फार नम्रपणे हसतोय.

"रांजणेसाहेब, मला एकच कुतूहल आहे," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता हा शोध तुमचा. एवढा मोठा शोध. आणि साताऱ्यासारख्या गावानं त्याची साधी दखलही घेतली नाही? कुणी पाठीवर हात ठेवला नाही?"

विष्णुपंत खाकरले. लालासाहेबाची मान मागून लाल होताना मला दिसली. तो गप्प बसला. मला खरंच वाटलं, बसला गडी. हरणाबाईनं त्याच्या सफारीचं टोक मुठीत धरलं होतं.

"नाही, माझं काही म्हणणं नाही," पुष्कर कागद आवरत म्हणाला. "पुष्कळ माणसं अशी असतात. घरात बसून काहीतरी करतात. गावाला नावही ठाऊक नसतं. तुम्हाला कोण ओळखतं साताऱ्यात?"

"आवं, गप बसा," हरणाबाई हळू आवाजात म्हणाली.

लालासाहेब उठला. सफारीचं टोक तिच्या मुठीतून सुटलं.

"मला कोन वळखतंय? साहेब, लिवून घ्या. मंगल कार्यालय फुल्ल हुतं! मानूस उबं हुतं दारापत्तुर! भव्य नागरी सत्कार झालाय माजा ह्या रिमोटसाटी!"

विष्णुपंतांनी डोळे मिटले. पुष्करनं कपाळावर आठ्या आणल्या, जसं काही त्याला वाईट वाटतंय.

"असेल, शाल-नारळ दिला असेल. पण यंत्र बंद डबीत. आत काय आहे ते लोकांना कुठं कळलं असणार?"

इथंसुद्धा वाचता आलं असतं. विष्णुपंतांनी मला मागाहून सांगितलं, तो नुसता 'व्हय, बंद हुती' म्हणाला असता तरी त्यांनी काहीतरी ओढून ताणून उभं केलं असतं. पण लालासाहेबाला बंद डबीचा अपमान सहन झाला नाही.

"बंद? इस्क्रू काढून दावलंय! माईकवर! मोटर कंची, वजान किती, तार कुटनं घ्यायची, समदं! पाऊन तास बोललोय मी! अडानी मानसालाबी कळंल असं!"

आणि वाकून त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. डबा नव्हताच. अल्बम होता, व्हिडिओची कॅसेट होती आणि घडी घातलेली ती डागाची शालसुद्धा होती. अधिकाऱ्यांनी अल्बम चाळला. एका फोटोत लालासाहेब उघडा रिमोट वर धरून उभा, मागं तो बॅनर, आणि बॅनरवर चिकटवलेल्या कागदावर कारण आणि तारीख, ठसठशीत अक्षरांत. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसून ती तारीख परत वाचली, आपल्या वहीत लिहिली आणि पाणी प्यायले.

"धन्यवाद," पुष्कर म्हणाला. "मला आणखी काही विचारायचं नाही."

बाहेर आल्यावर लालासाहेब जिंकलेल्या पैलवानासारखा चालत होता. "कसं हानलं?" तो मला म्हणाला. "त्वांड बारीक झालं का न्हाई वकिलाचं?" विष्णुपंत दादरच्या बाजूला एकटेच चालते झाले. म्हातारा दोन वेळा गाडीखाली येता येता वाचला. मला लालासाहेबाच्या मुस्काटात मारावीशी वाटली. चार वर्षं, म्हाताऱ्या वकिलाची ती सगळी पुस्तकं, माझी साक्ष, आणि हा माणूस शालीची घडी नीट करत होता. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. इथं गाढवानं गूळ सांडला आणि रिकाम्या पोत्याची पूजा मांडली.

निकाल जूनमध्ये पोस्टानं आला. ती वस्तू भरतेशच्या अर्जाआधी साताऱ्यात जाहीर सभेत उघडून दाखवली गेली होती, ती सगळ्यांना माहीत झालेली होती, म्हणून पेटंट कुणालाही देता येत नाही. विष्णुपंतांनी तो लालासाहेबाला सोप्या मराठीत समजावून सांगितला. या वेळी त्याला कळलं. हरणाबाईनं माझ्या बायकोला फोन केला की ते बोलत नाहीत. दुकान उघडतात आणि बसून राहतात. मंडळाच्या लोकांनी 'मुंबईत झुंज दिल्याबद्दल' सत्कार ठेवू म्हटलं तर त्यांना हाकलून दिलं. हे ऐकून मात्र मी चपापलो. सत्काराला नाही म्हणणारा लालासाहेब म्हणजे दुखणं मोठं होतं.

मी परत एसटीनं साताऱ्याला गेलो. कबूल करायला हरकत नाही, थोडं तोंड बघायलाच गेलो. पण तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं. दाढी वाढलेली, मिशा ओघळलेल्या. मागच्या भागात पोरं नव्हती, टीव्ही बंद होते. साताऱ्यात आता निम्म्या दुकानांत थरथरणारे रिमोट आले होते, कुणीही बनवावेत असे. मी काहीबाही बोलत राहिलो. तो टेबलावरचा पेचकस इकडून तिकडं करत होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला या माणसाची दया आली, आणि मला ती अजिबात आवडली नाही.

एवढ्यात दारात भरतेश मगदूम उभा राहिला. साताऱ्यात कुणा पाहुण्यांकडं लग्नाला आला होता. मला वाटलं, आता पेचकस चालतो. पण लालासाहेबानं नुसतं वर बघितलं. हरणाबाईनं स्टूल पुढं केलं. आमच्याकडं शत्रू घरी आला तरी आधी बस म्हणतात, मग भांडतात.

भरतेश बसला. पाणी प्यायला.

"लालासाब, तुमी मला चोर म्हटला सुनावणीत," तो सावकाश म्हणाला. "त्ये माझ्या मनात लागून राहिलंय बघा. तुमच्या दुकानात मी आलो हुतो, खरं हाय. पन तवा टेबलावर फडकं टाकलेलं. मी काय बघितलं न्हाई. देवाशपथ. अर्ज करताना सुचलं म्हटलं, त्येवढं खोटं बोललो, त्ये माझं चुकलं."

"मग कुटं बघितलंस?" हे मी विचारलं, कारण लालासाहेब बोलणार नव्हता.

"सत्काराला की हो. पत्रिका आली हुती मला. तुमच्या मागंच बसलो हुतो, पाचव्या का सहाव्या रांगंत."

हरणाबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. चार वर्षं ज्याला चोर म्हणून शिव्या दिल्या, त्याला लालासाहेबानं स्वतःच्या हातानं तिकीट लावून पत्रिका पाठवली होती, खुर्ची दिली होती, आणि एकेक भाग वर धरून दाखवला होता. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. मी उठून त्याच्याजवळ गेलोसुद्धा.

लालासाहेबानं मान वर केली. महिनाभरानंतर प्रथमच त्याच्या डोळ्यांत जीव आला होता.

"व्हय?" तो म्हणाला. "मग भाषन कसं झालं हुतं आमचं?"

भरतेश गोंधळला. माझ्याकडं बघितलं, हरणाबाईकडं बघितलं. भला माणूस होता, खोटं त्याला पुन्हा बोलायचं नव्हतं.

"बेस झालं हुतं," तो म्हणाला. "मला मशीनीतलं काय बी कळत न्हाई बघा. पन तुमी सांगितलं तसं घरी जाऊन बनवलं, आन् पयल्या झटक्याला चाललं."

लालासाहेबानं पेचकस खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि बायकोकडं वळून म्हणाला, "ऐकलंस?"